नवशिक्याची काठी

“खिशातला हात बाहेर काढा, काका. न बघता मी रील कसं देऊ?”

दुकानातली मुलगी असं म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं. देवगडहून सकाळच्या एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत मी रत्नागिरीला आलो होतो तो मासे मारायची काठी घ्यायला. हात दाखवायचा असता तर एखाद्या ज्योतिष्याकडे गेलो असतो.

“हाताचं काय करायचंय तुला, बाय? काठी दाखव.”

“काठ्या तर तुमच्या मागंच लावल्यात. पण तुम्ही आल्यापासून सगळं डाव्या हातानं करताय आणि डावखुरे तर दिसत नाही.”

मुनिरा तिचं नाव. पंचविशीची असेल. तिचे अब्बा वीस वर्षं मस्कतला होते, तिकडे त्यांना रॉडचा नाद लागला आणि परत आल्यावर त्यांनी घराच्या पडवीतच हे दुकान थाटलं. अब्बा गुडघे दुखतात म्हणून आत खाटेवर पडून असायचे, धंदा ही पोरगी बघायची. आमच्या बाजूच्या कुणीतरी सांगितलं होतं की त्या दुकानात विचारल्याशिवाय काही घेऊ नकोस. मला वाटलं होतं, कुणीतरी मिशीवाला माणूस असेल.

मी हात बाहेर काढला. उजवा. अंगठा, अनामिका आणि करंगळी. तर्जनी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नाही.

गेलं वर्षभर मी एक गोष्ट पाहत होतो. हा हात दिसला की माणसं पटकन दुसरीकडे बघायची, कुणी आकाशाकडे तर कुणी स्वतःच्या चपलांकडे. या पोरीनं बांगडा ताजा आहे की शिळा ते बघावं तसा माझा पंजा दोन्ही हातांत धरून उलटसुलट केला.

“कशात गेली?”

“ट्रॉलरच्या विंचात. जाळ्याची वायर गुंडाळताना.”

“अंगठ्यात जोर आहे?”

“आहे.”

“दाबा माझं मनगट.”

मी दाबलं. ती “आई गं” म्हणाली आणि खूश झाली. “मग कसली अडचण नाही. चला, मागं विहिरीवर.”

विहिरीवर कशाला, ते सांगतो. पण आधी मला ही काठी का हवी होती ते कळायला हवं, नाहीतर जन्मानं मासेमार असलेला बेचाळीस वर्षांचा एक गाबीत मासे मारायचं सामान निवडायला रत्नागिरीपर्यंत का गेला, याचं तुम्हाला हसू येईल. आमच्या बंदरावर तर सगळे हसलेच होते.

आम्ही गरवणारे. म्हणजे तंगुसाच्या, नायलॉनच्या, दोराला गरी म्हणजे गळ आणि शिसं बांधायचं, गरीला आमिष लावायचं, दोर खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, तळाला सोडायचा आणि हातात धरून बसायचं. काठी नाही, चाक नाही. दोर तर्जनीवरून जातो. वीस वाव, म्हणजे शंभर-सव्वाशे फूट, खाली मासा आमिषाला नुसतं तोंड लावून गेला तरी ते बोटाला कळतं. तांबोशी आहे की गोबरा आहे, हेसुद्धा कळतं. पंधराव्या वर्षापासून माझं ते बोट घर चालवत होतं. मध्ये चांगला पैसा मिळतो म्हणून मी चुलतभावाबरोबर ट्रॉलरवर गेलो आणि तिथं ते बोट ठेवून आलो. डाव्या हाताच्या बोटाला यातलं काही कळत नाही, करून बघितलं.

चुलतभाऊ म्हणजे जयवंतदादा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. ट्रॉलरचा तांडेल, म्हणजे कप्तान, तोच होता. माझी बोटं गेल्यावर दोन महिन्यांत त्यानं ट्रॉलर सोडला आणि त्याच्या वडिलांची जुनी होडी डागडुजी करून परत गरवायला काढली. होडीवर तो, आमच्या वाडीतले म्हातारे भिकाका आणि मागच्या डाव्या अंगाची एक रिकामी जागा. ती जागा माझी. लहानपणापासून माझी. दादा ती दुसऱ्या कुणाला देत नव्हता आणि मलाही देत नव्हता.

मी त्याला किती वेळा विचारलं असेल, त्याला गणती नाही. प्रत्येक वेळी तो समुद्राकडे बघत म्हणायचा, “दिगू, तुका जमूचा नाय. घराकडे बस.” एकदा तर त्यानं मला बर्फाच्या कारखान्यात चिकटवलं. पंधरा दिवस मी लाद्या ढकलल्या. सोळाव्या दिवशी मालकाला सांगितलं की बर्फात माशानं राहायचं असतं, माणसानं नाही, आणि घरी निघून आलो. निर्मलानं, माझ्या बायकोनं, त्या रात्री ताटात जेवण जरा जोरातच वाढलं.

आणि मग एक दिवस पुण्याच्या हौशी लोकांची एक बोट धक्क्याला लागली. प्रत्येकाच्या हातात आखूड काठी आणि काठीला रील, म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक. खाली उतरवली ती सुरमई माझ्या मांडीएवढी. मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, कसं मारलं? त्यानं मला जिग दाखवला. जिग म्हणजे शिशाचा चकचकीत खोटा मासा. होडीतून तो सरळ खाली तळापर्यंत सोडायचा आणि काठीनं झटके देत, रील फिरवत वर आणायचा. पळणारा मासा वाटून मोठा मासा त्याच्यावर झडप घालतो. आमिष नाही आणि दोर बोटावर धरणं नाही. दोर बोटावर नाही हे ऐकल्यावर पुढचं मी ऐकलंच नाही.

त्या संध्याकाळी धक्क्यावर चार माणसांसमोर मी दादाला म्हणालो, “मी काठी घेवन येतंय. माका माझी जागा दी.”

चार माणसं होती म्हणूनच त्याला नाही म्हणता आलं नाही. बराच वेळ तो जाळ्याच्या गाठीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “एक फेरी. काठीर मासो इलो, तर जागा तुझी. नाय इलो, तर परत तोंड उघडूचा नाय. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. काठी हातात कशी धरतात तेही तेव्हा मला माहीत नव्हतं.

तर विहीर. मुनिराच्या घरामागं चिऱ्यांची खोल विहीर होती. गिऱ्हाइकाला काठी द्यायची तर आधी विहिरीवर उभं करायचं, हा तिचा नियम. जिग पाण्यात सोडायचा आणि ती थांब म्हणेपर्यंत खेळवायचा.

“कुठली घेताय?” तिनं विचारलं.

मी सगळ्यात जाड काठी उचलली. माझ्या अंगठ्याएवढी, वाकायचं नाव न घेणारी.

“ही चारशे ग्रॅमच्या जिगाची आहे. एवढ्या खोल जाता तुम्ही?”

“वीस-बावीस वाव.”

“मग दीडशेचा जिग पुष्कळ झाला. ही नको, काका. ही माशाआधी तुम्हाला दमवेल. पहिल्यांदा घेणाऱ्यानं हलकी घ्यावी.”

“पहिल्यांदा?” मी म्हणालो. “सत्तावीस वर्षं मासे मारतोय मी. तुझा जन्मसुद्धा झाला नव्हता.”

“दोरानं मारताय. काठीनं किती मारलेत?”

मी जाड काठीच घेतली आणि जिग विहिरीत सोडला. खाली, वर, झटका, एक फेरा. झटका, एक फेरा. पाच मिनिटांत दंड भरून आले. दहा मिनिटांत खांद्यात कळ उठली. मी थांबलो नाही. थांबतो कसला! घामानं सदरा पाठीला चिकटला. ती कठड्यावर बसून शेंगा खात होती. आतून तिच्या अब्बांचा आवाज आला, “मुनिरा, मारशील गं माणसाला.”

“मी कुठं काय करतेय? ते स्वतःच करतायत.”

शेवटी काठी माझ्या हातातून आपोआप खाली आली. मी तिला शिवी दिली, काठीला. मुलीनं शेंगांची टरफलं झटकली आणि दुसरी काठी आणून दिली. सहा फुटांची, करंगळीएवढी बारीक, शेंड्याला तर बोरूसारखी.

“ही मोडेल.”

तिनं शेंडा पकडून काठीचा अर्धगोल केला आणि सोडून दिला. काठी सरळ झाली. “सगळी वाकते, म्हणून मोठ्या माशाचा जोर सगळीभर वाटला जातो. फक्त मासा लागल्यावर ती उभी करायची नाही. शेंडा खांद्याच्या वर नेलात तर मात्र मोडेल. काठीनं मासा उपसायचा नाही, काठीनं त्याला नुसतं धरून ठेवायचं. आणायचा रीलनं.”

मी ती काठी घेऊन विहिरीवर उभा राहिलो. जिग खाली गेला, झटका दिला आणि माझ्या अंगावर काटा आला. तळाच्या चिऱ्याला जिग हलकेच घासला होता आणि ते मला मुठीत कळलं होतं. बोट नसताना. मुठीत! वर्षभरानं तळ माझ्याशी बोलला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ऊन तोंडावर आहे म्हणून डोळे चुरचुरतायत, असं मी उगाचच बडबडलो. 

रीलवरून पुन्हा वाद झाला. मला ते काठीच्या वर बसणारं जाडजूड गोल रील हवं होतं, पुण्याच्या लोकांच्या हातात होतं तसलं. ती म्हणाली, त्याच्यात दोरी अंगठ्यानं सारखी पसरवत राहावी लागते, नाहीतर एका बाजूला ढीग होतो आणि मासा लागला की अडकते. “हे काठीखाली बसणारं घ्या. दोरी हे स्वतःच नीट गुंडाळतं. नवशिक्याला हेच बरं.”

“नवशिक्या म्हणू नकोस.”

“बरं, नाही म्हणत. पण घ्या हेच.”

मग तिनं रीलची मूठ एका बाजूची काढून दुसऱ्या बाजूला लावली. धड डाव्या हातात काठी आणि तुटक्या उजव्या हातानं मूठ फिरवायची. मुठीचं टोकही बदललं. बारीक होतं ते काढून लिंबाएवढं गोल बसवलं. ते अंगठा आणि दोन बोटांत बरोब्बर बसलं.

“उलटं कर,” मी म्हणालो. “हा हात काठीखाली राहू दे. सगळ्यांसमोर गरागरा फिरवत बसू काय मी तो?”

“फिरवायचा नसेल तर घरी बसा.”

असं मला दादा सोडून कुणी म्हटलं नव्हतं. पण दादा म्हणायचा तेव्हा मला खरंच घरी बसल्यासारखं वाटायचं, आणि ही म्हणाली तेव्हा उठून उभं राहावंसं वाटलं. मी काठी घेतली.

निघताना तिनं रीलवरची दोरी मला नीट दाखवली. विणलेली, बारीक, शिवणाच्या दोऱ्यासारखी. “हिला हात लावायचा नाही. तंगूस हातात धरता तशी ही धरायची नाही. ताण आला की सुरीसारखी कापते. मासा पळाला की रील कर्र वाजेल आणि दोरी सुटत राहील. सुटू द्यायची. होडीवरच्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा.”

“सांगतो,” मी म्हणालो.

मी सांगितलं नाही. हे मी आज कबूल करतो. ही दोरी कापते असं म्हटलं असतं तर दादानं तेवढंच निमित्त धरून मला धक्क्यावर उतरवलं असतं. शिवाय ज्यांनी मला मासे मारताना बघितलं होतं त्यांना मी नव्या नवरीसारखा सूचना देत बसणार होतो काय? माझी मान तेवढी वाकत नव्हती.

ऑक्टोबरातली सकाळ होती. समुद्र तेलासारखा शांत. मी माझ्या जागेवर जाऊन बसलो, मागं, डाव्या अंगाला. भिकाकांनी काठीकडे बघून तोंडाचं बोळकं पसरलं.

“दिगू, आंबे काढूक जातंस काय? झेलो खय आसा मगे?”

“आंबे संपले, काका. मासे काढतंय.”

“आणि आमिष?”

मी जिग दाखवला. काकांनी तो हातात घेऊन वजन केलं, वास घेतला. “हेका मासो खाताला? मासो काय येडो आसा?”

दादा हसला नाही. तो सुकाणूवर होता आणि त्याची नजर माझ्या डोक्यावरून कुठंतरी पलीकडे होती. खडपावर पोहोचल्यावर त्यानं नांगर टाकला, आपला दोर सोडला आणि पाठ वळवली.

अर्ध्या तासात काकांनी पहिली तांबोशी काढली. मग दादानं. मग परत काकांनी. मी जिग सोडत होतो आणि आणत होतो. सोडत होतो आणि आणत होतो. उजवा हात सगळ्यांसमोर गरागरा फिरत होता आणि पहिल्या तासानंतर मला त्याचं काही वाटेनासं झालं. मासा मात्र येत नव्हता. ऊन चढलं. काकांची टोपली अर्धी भरली. आता ते थट्टासुद्धा करेनात, आणि ते तर फारच झोंबत होतं.

“वारो सुटाच्या आधी परत जावया,” दादा म्हणाला. माझ्याकडे न बघताच. “दिगू, झाला मा आता?”

“नांगर वर येयसर माझी फेरी संपली नाय,” मी म्हणालो आणि जिग सोडला.

तो तळाला पोहोचलाच नाही. अर्ध्यातच दोरी सैल पडली. कुणीतरी मधल्या मध्ये जिग झेलला होता. मी मूठ फिरवून ढील घेतली आणि काठीचा पार अर्धगोल झाला. मग रील वाजायला लागलं. कर्रर्र! दोरी सपासप सुटत होती, मासा खडपाच्या बाहेर खोलात पळत होता, आणि माझ्या छातीत असं काही भरून आलं होतं की मी शिट्टीच मारली.

पण हा आवाज होडीवरच्या त्या दोघांनी जन्मात ऐकला नव्हता. गरवणाऱ्याच्या हिशेबी दोर सुटतोय म्हणजे मासा चालला. आमच्याकडे एकाला मोठा मासा लागला की बाकीचे आपले दोर वर घेतात आणि शेजारचा पुढं होऊन दोराला हात देतो, हाताला एक वेढा मारून. हे शिकवावं लागत नाही. होडीवर चढणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात ते भिनलेलं असतं.

“दोर जाता! धर! धर!” काका ओरडले.

आणि दादानं झेप घेतली. त्यानं काठीच्या शेंड्यापुढची दोरी पकडली आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना एक वेढा मारला.

“सोड, दादा! हात काढ!”

उशीर झाला होता. माशानं ओढ घेतली, वेढा आवळला आणि दादाचा हात होडीच्या काठावर आपटला. दोरी दिसेनाशी झाली. त्याच्या बोटांत शिरली होती ती. रक्त पाण्यात टपटप पडायला लागलं. दादा ओरडला नाही. तो नुसता हाताकडे बघत राहिला.

“काका, सुरी!”

काकांच्या पायाशी आमिष कापायची सुरी होती. त्यांनी ती उचलली, पण दोरीला लावली नाही. आमच्या होड्यांवर दुसऱ्याच्या दोराला सुरी लावत नाहीत. मासा लागलेल्या दोराला तर नाहीच. ज्याचा दोर त्यानंच तोडायचा. काका सुरी हातात धरून माझ्याकडे बघत उभे राहिले. 

मासा माझा होता. जागा त्या माशाच्या तोंडात होती. हे सगळं मला त्या वेळी कळत होतं, कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी काठी गुडघ्यांत दाबली, काकांच्या हातातली सुरी हिसकली, ओणवा होऊन दादाच्या हाताच्या खाली दोरीला लावली. तीन बोटांच्या हातानं. दोरी तुटली. काठी सरळ झाली आणि होडी एकदम शांत झाली.

वेढा सोडवताना दादानं दात खाल्ले. बोटं होती जागेवर. हाडापर्यंत गेलं होतं, पण होती. काकांनी आपला पंचा फाडून बांधला. पंचा लाल व्हायचा थांबेपर्यंत तो हात त्यांनी वर धरून ठेवला.

मग दादा म्हणाला, “जागा तुझी. मासो माझ्यामुळा गेलो.”

हेच ऐकायला मी वर्षभर तडफडत होतो. पण तो समुद्राकडे बघून बोलत होता आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

“माका दान नको. अट काय होती? काठीर मासो इलो तर. मासो इलो नाय. मी परत सोडतंय.”

“दिगू, हात बघ माझो. घराकडे जावया.”

“तुझो हात मी बघलंय. तू माझो बघलंस कधी?”

तो हाताचा पंचा घट्ट करायला लागला.

“वर्ष झाला, दादा. एकदा तरी बघलंस?” मी उजवा पंजा त्याच्या तोंडासमोर धरला. “बघ! त्या दिवशी विंचाच्या ब्रेकार कोण होतो? मी आराडलंय तेव्हा ब्रेकार कोण होतो?”

काकांनी मान खाली घातली. बंदरावर हे कुणालाच माहीत नव्हतं. चौकशीला आलेल्यांना मी सांगितलं होतं की माझाच पाय घसरला. ते मी कुणासाठी सांगितलं होतं ते दादाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं.

दादानं पंजाकडे बघितलं. नीट बघितलं, दोन बोटांच्या जागी जे गुळगुळीत होतं तिथं. मग त्याचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला.

“ब्रेक सोडलंय असतंय तर जाळा तुटान जाताला होता,” तो म्हणाला. “भरलेला जाळा. मी जाळ्याकडे बघलंय, दिगू. एकदाच. तुझ्याकडे बघूच्या आधी. तेवढ्यात...”

“माका ठावक आसा.”

“ठावक आसा?”

“मी तुझ्या तोंडाकडे बघत होतंय. तू खय बघत होतंस ता माका दिसला.”

तो रडायला लागला. सेहेचाळीस वर्षांचा तांडेल, बांधलेला हात मांडीवर घेऊन. मला त्याची कीव आली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त राग आला. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी वर्षभर किनाऱ्यावर सडत होतो. चूक त्यानं केली आणि घरी मी बसलो होतो.

“रडून झाला की नांगराकडे बस,” मी म्हणालो. “वर घेव नको. काका, वावभर तंगूस द्या.”

काकांनी निमूटपणे आपल्या दोरातला तंगुसाचा तुकडा कापून दिला. स्वतःच्या सुरीनं, स्वतःच्या दोरातला. मी तो दोरीला जोडला, एक टोक दातात धरून, तीन बोटांनी. तीनदा गाठ सुटली. दादा मदतीला हात पुढं करायला लागला तर मी म्हणालो, “हात लावू नको. ही दोरी कापता. ह्या मी तुका सकाळी सांगूक होया होता, सांगूक नाय. ती चूक माझी.” चौथ्यांदा गाठ बसली. खिशात दुसरा जिग होता, तो लावला आणि सोडला.

वारा सुटला. होडी डोलायला लागली. कुणी परत जाऊया म्हटलं नाही. मी किती वेळा जिग खाली-वर केला, माहीत नाही. उन्हं कलली तेव्हा तळाजवळ एक बारीकशी टिचकी मुठीत लागली. मी फिरवायला लागलो. रील वाजलं नाही, काठीही फारशी वाकली नाही. वर आला तो वीतभराचा गोबरा, गाल फुगवून, भलताच रागावलेला.

काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “दिगू, हेका मासो म्हणतत?”

“तोंड आसा, शेपूट आसा. अटीत लांबी खय होती?”

काका खो खो हसत सुटले. त्यांचा दम लागून खोकला झाला. दादाही हसला, ओल्या तोंडानं. ती जागा मी मिळवली ती त्या वीतभर गोबऱ्यावर. दान म्हणून घेतली नाही. हे मी आजही बंदरावर कुणी उकरून काढलं तर छाती पुढं काढून सांगतो.

धक्क्याला लागल्यावर आम्ही थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दादाच्या बोटांना टाके घातले आणि सांगितलं की महिनाभर दोर धरायचा नाही. दवाखान्याच्या पायरीवर तो मला म्हणाला, “आता महिनो तू आणि काका जावा. मी घराकडे बसतंय. ह्या हातान काय करतलंय मी होडीर?”

मी पायरीवरच थांबलो.

“घराकडे बसाक मिळाचा नाय,” मी म्हणालो. “डावो हात आसा मा? एका हातान सुकाणू धर. रील फिरवूक मी शिकवतंय, नवशिक्याक जमता ता. उद्या पाचाक धक्क्यार ये. नाय इलंस तर घरात येवन फरफटत नेयन.”

“तांडेल कोण?” तो जरा चिडूनच म्हणाला. “मी काय तू?”

“हात बरो होयसर मी.”

दुसऱ्या दिवशी पाचला दहा मिनिटं कमी असताना मी धक्क्यावर गेलो. दादा आधीच होडीत बसला होता, माझ्या जागेच्या शेजारी, आणि माझ्याकडे बघत होता.